उल्का की अशनी? शब्द नीट, मग दगड नीट (मराठवाड्याच्या शिवारात ओळखायचं कसं)

गोदाकाठ (पैठण)

आकाशात काही चमकून गेलं की दुसऱ्या दिवशी "शेतात उल्का पडली" अशी बातमी ठरलेली. मग ग्रुपवर फोटो येतात : एक बांधावरच्या काळ्या दगडाचा, एक कारखान्याच्या राखेतल्या गोळ्याचा, एक वीज पडलेल्या झाडाचा. तिन्हींना उल्काच म्हणतात. नाव मोघम असलं की शोधही मोघम होतो. म्हणून आधी शब्दाचं बघू.

उल्का म्हणजे उजेड. अवकाशातला खडा सेकंदाला कमीत कमी ११ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरतो, साधारण १०० किलोमीटर उंचीवर त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते, खडा जळतो, आणि आपल्याला रेघ दिसते. ती रेघ म्हणजे उल्का. ती पडत नाही, विझते. बहुतेक खडे वाळूच्या कणाएवढे, फार तर डाळीच्या दाण्याएवढे असतात, त्यांचं वरच संपतं. मोठा खडा असला तर त्यातलं काहीतरी जमिनीपर्यंत येतं. ते जे हातात धरता येतं, तो अशनी. ती उल्का, तो अशनी.

संस्कृतात उल्का म्हणजे जळतं कोलीत, पेटती चूड. दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दाखवायला हातात पेटती चूड धरण्याचा विधी धर्मग्रंथांत आहे, त्याचं नावच उल्कादान. म्हणजे आकाशातल्या उजेडाला हा शब्द अगदी चपखल बसतो. आपण बोलताना "तारा तुटला" म्हणतो, त्यातही नजर उजेडावरच आहे.

अशनीची वाट वेगळी. अमरकोशात तो वज्राच्या नावांत येतो : "दम्भोलिरशनिर्द्वयोः". शेवटच्या "द्वयोः"चा अर्थ हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो. वज्र म्हणजे वीज. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, आकाशातून पडणाऱ्या तेजांचे पाच प्रकार दिलेत : धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. त्यातली उल्का डोक्याकडं मोठी, शेपटीकडं बारीक. अशनि मात्र मोठा आवाज करत, चाकासारखी गरगरत, जमीन फाडत घरांवर, झाडांवर, जनावरांवर येते. विद्युत् तिथं वेगळी धरली आहे. मराठीत शास्त्र लिहिणाऱ्यांनी जमिनीवर आलेल्या दगडासाठी अशनी हा शब्द घेतला तो मला फार योग्य वाटतो. आवाज, आदळणं, जमीन फोडणं हे सगळं त्यात आधीपासून होतं.

माजलगाव_मळा

मग पेपरात उल्कापिंड लिहितात ते चूक का? आणि दुसरं, इंग्रजीत उल्केला मीटिअर म्हणतात आणि हवामान खात्याच्या शास्त्राला मीटिऑरॉलॉजी. दगडाचा आणि पावसाचा काय संबंध?

गोदाकाठ (पैठण)

चूक नाही हो. उल्कापिंड हिंदीतून आला, अर्थ पोचतो. अडचण एवढीच की बातमीदार तोच शब्द अवकाशात फिरणाऱ्या खड्यालाही वापरतात आणि पडलेल्या दगडालाही. अशनी म्हटलं की दगड जमिनीवर आहे हे पक्कं होतं.

मीटिअरचं मूळ ग्रीक. अर्थ : उंच हवेत असलेलं. जुन्या ग्रीकांच्या हिशेबात ढग, पाऊस, इंद्रधनुष्य, वीज आणि तुटणारा तारा ही सगळी वरच्या हवेतली घडामोड होती. हवामानाच्या शास्त्राकडं ते नाव राहिलं, तुटणाऱ्या ताऱ्याकडंही राहिलं. दगड खरंच आकाशाबाहेरून येतात हे युरोपात बऱ्याच उशिरा मानलं गेलं. १७९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी यांनी तसं लिहिलं तेव्हा विद्वानांनी फार मनावर घेतलं नाही. १७९८ च्या डिसेंबरात बनारसजवळ दगड पडले, ते लंडनला गेले, आणि १८०२ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हॉवर्ड यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा दगडांत निकेल असलेलं लोखंड दाखवलं. १८०३ मध्ये फ्रान्सात लेग्ल गावाजवळ हजारो दगडांचा सडा पडला, फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनी जागेवर जाऊन तपास केला, आणि वाद मिटला. या सगळ्यात बनारसच्या दगडांचा वाटा मोठा आहे, आपल्याकडं तो कुणी सांगत नाही.

काळवत्थर (जालना)

शब्दाचं छान झालं. आता दगडाकडं येतो, कारण मराठवाड्यात अडचण वेगळी आहे. वाळवंटात किंवा बर्फावर काळा दगड उठून दिसतो. आपल्याकडं पायाखालचा सगळाच खडक काळा, बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइट हे खनिज असतं, म्हणून बांधावरचा साधा दगडही चुंबकाला थोडा ओढ देतो. "चुंबक चिकटलं म्हणजे अशनी" हे पुस्तकातलं वाक्य इथं निम्मंच खरं आहे. उलटही होतं. गुजरातेत १७ ऑगस्ट २०२२ ला दियोदरजवळ पडलेला अशनी ऑब्राइट जातीचा, त्यात धातू नगण्य. बिहारात १८६५ मध्ये शेरघाटीला पडलेला दगड तर मंगळावरचा निघाला, त्यातही लोखंडाचे कण नाहीत. चुंबक ही पहिली चाळणी आहे, निकाल नव्हे.

फसवणारे दगड कोणते, ते सांगतो.

एक, गोलाकार सुटलेला बेसाल्ट. कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत सुटत आत कडक गोळा राहतो. बाहेर तपकिरी साल असते, पण ती आत आत विरळ होत जाते. अशनीचं कवच तसं नसतं : एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, काळं, आणि आतला दगड जिथं सुरू होतो तिथं रेघ ओढल्यासारखी हद्द.

दोन, भोकांचा दगड. भोकांत पांढरे झिओलाइट किंवा गारगोटी भरलेली असली तर तो इथल्याच लाव्ह्याचा, पुढं बघायची गरज नाही. अशनीत बुडबुड्यांची भोकं जवळपास कधीच नसतात. पृष्ठभागावर खळगे असतात ते वेगळे, मळलेल्या कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ.

तीन, कीट. लोहाराच्या भट्टीचं, जालन्याच्या स्टील कारखान्यांतलं, साखर कारखान्याच्या बॉयलरमधलं. जड असतं, चुंबकाला लागतं, आत धातूही चमकतो. पण फोडलं की काचेसारखी झाक आणि बुडबुडे. वीटभट्टीतला खंगर याच कुळातला. रस्त्याच्या भरावात हे सर्रास टाकतात, त्यामुळं शेतात कसं आलं याचं नवल वाटू देऊ नका.

चार, हेमॅटाइट हे लोहखनिज आणि जांभ्यातले लोहगोटे, बीदरच्या बाजूला जास्त. यांना एक सोपा उपाय : चहाच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते तिच्यावर दगड जोरात घासा. विटकरी लाल रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट. साधा अशनी सहसा रेघ सोडत नाही, सोडली तर फिकट राखाडी.

आणि चुंबक वापरायचंच तर फ्रिजवरचं साधं, दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्या आणि दोरा तिरका होतो का बघा. स्पीकरमधलं किंवा निओडिमियमचं जोरकस चुंबक दगडाला लावू नका. दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची जी नोंद असते ती एका स्पर्शात पुसली जाते, आणि ती परत आणता येत नाही.

माजलगाव_मळा

आणि आत काय दिसतं? खरा अशनी कापला तर?

काळवत्थर (जालना)

पडणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के कॉन्ड्राइट असतात, म्हणून त्याचंच सांगतो. ताजी फोडलेली बाजू राखाडी, वाळलेल्या सिमेंटसारखी, बाहेरच्या काळ्या कवचाच्या मानानं चांगलीच उजळ. भिंगातून बघितलं की राजगिऱ्यापासून बाजरीपर्यंतच्या आकाराचे गोल मणी दगडात रुतलेले दिसतात. त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. ते वितळून थिजलेले थेंब आहेत, सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचे, सुमारे ४५६ कोटी वर्षं जुने. मण्यांच्या मध्ये टाचणीच्या टोकाएवढे चांदीसारखे ठिपके, ते लोखंड-निकेल. हवा लागली की काही दिवसांत त्या ठिपक्यांभोवती तांबूस डाग पसरतो. बेसाल्टमध्ये धातूचे ठिपके नसतातच. चमकतं ते फेल्डस्पारचं लांबट स्फटिक, दगड फिरवला की काचेसारखं लकाकून विझणारं.

बघण्यासाठी दगड फोडू नका. एका कोपऱ्यावर, नखाएवढ्या जागेत, पॉलिश पेपरनं घासा : आधी २२०, मग ४००, मग ६००. पेपर ओला करायचा तर पाण्यानं नाही, अल्कोहोलनं.

रसायन_लातूर

वजनाचं मी सांगते, कारण घरी करता येण्यासारखी सगळ्यात भरवशाची गोष्ट तीच आहे. घनता बघायची, म्हणजे एक मिलिलिटर दगड किती ग्रॅम भरतो ते. इथला बेसाल्ट २.८ ते ३.०, साधा कॉन्ड्राइट साधारण ३.२ ते ३.८, लोखंडी अशनी ७.५ ते ८.

नेहमीची रीत पाण्यात बुडवायची. पण दगड ताजा असेल तर पाणी नको, त्यातले क्षार आत जातात आणि धातू गंजतो. प्रयोगशाळांत यासाठी काचेचे बारीक मणी वापरतात, घरी राजगिरा चालतो.

सरळ कडांचा एक लिटरचा डबा घ्या. आधी त्यात काठोकाठ किती पाणी मावतं ते वजन करून बघा, १००० ग्रॅम म्हणजे १००० मिलिलिटर. डबा पूर्ण कोरडा करा. राजगिरा ओता, ठोकू नका, स्टीलच्या पट्टीनं वर सपाट ओढा, फक्त धान्याचं वजन घ्या. समजा ८२० ग्रॅम भरलं. म्हणजे एक मिलिलिटरला ०.८२ ग्रॅम. आता तळाला थोडं धान्य, त्यावर दगड, वरून पुन्हा धान्य, पुन्हा पट्टी. दगड बाजूला काढून धान्य तोला. समजा ७२३ ग्रॅम. फरक ९७, भागिले ०.८२, म्हणजे ११८ मिलिलिटर. दगड ४१२ ग्रॅमचा असेल तर घनता ३.४९. तेवढ्याच वजनाचा बेसाल्ट असता तर फरक ११६ ग्रॅमच्या आसपास आला असता. किचनच्या काट्यावर हा फरक सहज कळतो.

चुकतं कुठं? एकदा डबा ठोकला आणि दुसऱ्यांदा नाही, इथं सगळ्यात जास्त. धान्य बसतं आणि हिशेब ५ टक्क्यांनी हलतो, मग ३.०चा दगड ३.२ दिसतो. पाच वेळा करा आणि सरासरी घ्या. दगड १०० ग्रॅमच्या खाली असेल तर लहान डबा घ्या, मोठ्या डब्यात चूक दगडाएवढीच होऊन बसते. भेगांत अडकलेले दाणे मऊ ब्रशनं काढा.

निकेलची चाचणीही करता येते, घासलेल्या कोपऱ्यावर. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून धातूच्या ठिपक्यावर दोन-तीन मिनिटं धरा. त्याच काडीवर अमोनियाचा थेंब, मग डायमिथाइल ग्लायऑक्झाइमचं अल्कोहोलमधलं १ टक्का द्रावण. गडद गुलाबी रंग आला तर निकेल आहे. अमोनिया कमी पडला तर रंग येतच नाही. नुसतं लोखंडही लालसर झाक देतं, म्हणून शेजारी साधा खिळा आणि स्टीलचा चमचा यांवर तीच चाचणी करा. चमच्याच्या स्टीलमध्ये बहुधा निकेल असतं, खिळ्यात नसतं, दोन्ही रंग डोळ्यासमोर राहतात. खिडकी उघडी ठेवा, अमोनिया छातीत जातो. लोखंडी अशनी कापून त्यावर आम्लानं धातूच्या स्फटिकांची नक्षी उमटवतात, तो प्रयोग घरी करूच नका, त्याला नायट्रिक लागतं.

तांडा_किनवट

ज्याला ते तांदूळ ओढणारं भांडं म्हणतात, वीज पडलेलं, त्यात इरिडियम हा दुर्मिळ धातू असतो म्हणून कोटीत भाव सांगतात. अशनीतही इरिडियम असतं म्हणे. मग तो दगड विकत घेणारे खरे का?

रसायन_लातूर

दादा, तो सरळ फसवणुकीचा धंदा आहे, त्यात गावंच्या गावं बुडाली आहेत. वीज पडल्यानं तांब्यात इरिडियम तयार होत नाही. अशनीत असतं हे खरं, पण साध्या दगडी अशनीत दहा लाखांत एक भागाच्याही खाली. एक किलो दगडात सुमारे अर्धा मिलिग्रॅम धरा. तपासणीचे, किरणांपासून बचावाच्या पोशाखाचे, शास्त्रज्ञाच्या फीचे म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका आणि पोलिसांत कळवा.

काळवत्थर (जालना)

याला जोडून लोणारचं. सरोवर बुलडाण्यात, पण मंठ्याकडून जवळ, म्हणून आपल्याकडं बरेच जण "लोणारची उल्का" म्हणून दगड दाखवतात. १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर करणारा अशनी आदळतानाच वाफ होऊन आणि वितळून संपला. तिथं मिळाला तो पुरावा आघाताचा आहे : १९७३ मध्ये जाहीर झालेली मॅस्केलिनाइट ही धक्क्यानं बनलेली काच, वितळलेले थेंब. विकायला येणारा तुकडा अशनी नसतो, तो तिथलाच बेसाल्ट. आणि विवराच्या काठावरून काहीही उचलू नका, ते जपायचं ठिकाण आहे.

खगोल_बीड

उजेड दिसला त्या रात्री काय करायचं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, "शेजारच्या शिवारातच पडली" असं प्रत्येकाला वाटतं. उजेड क्षितिजाआड गेला म्हणजे तो बहुधा शेकडो किलोमीटर लांब होता. आवाज आला तर मात्र लक्ष द्या. उजेड आणि गडगडाट यांतलं अंतर मोजा, एक मिनिट म्हणजे साधारण २० किलोमीटर. दोन-तीन मिनिटांनी दणका ऐकू आला तर दगड खाली आल्याची शक्यता खरी आहे.

दुसरी, उजेड विझला त्याच्या सरळ खाली दगड सापडत नाही. साधारण २० किलोमीटर उंचीच्या आसपास हवेनं वेग खाल्लेला असतो. पुढचा प्रवास तो अंधारात, वाऱ्यावर भरकटत, वरून टाकलेल्या धोंड्यासारखा करतो. जमिनीवर येईतो तापही निघून जातो, हाताला गार किंवा कोमट लागतो. कडब्याची गंजी पेटली तर कारण विजेत शोधा, तारेत शोधा, अशनीत नको. नांगरलेल्या काळ्या रानात किलोभराचा दगड वीतभर खड्डा करील, विहिरीएवढा नाही.

तिसरी, सगळा उजेड दगडाचा नसतो. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, राज्यात कितीतरी ठिकाणांहून पेटत्या ठिपक्यांची रांग दिसली. ती चिनी रॉकेटची होती, आणि चंद्रपुरात सिंदेवाहीच्या बाजूला धातूचं मोठं कडं आणि गोळे मिळाले. ओळख वेगात आहे. उल्का दोन-चार सेकंदांत आकाश कापते, रॉकेटचं मोडलेलं सामान मिनिटभरही संथ जात राहतं आणि तुकडे रांगेनं चालतात. अशा वस्तूला हात लावू नका, टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

डिसेंबरात १३-१४ च्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, ऑगस्टात ययाती तारकासमूहातला, पण तो आपल्याकडं ढगात जातो. वर्षावातल्या बारीक कणांतून दगड यायची वाट बघू नका.

नोंद कशी करायची : मोबाइलवरची वेळ सेकंदासह. उभं राहिलेली जागा. सुरुवात आणि शेवट कुठल्या खुणेवर, म्हणजे पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, टॉवर. उंची मोजायला हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे १० अंश. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागी उभं राहून होकायंत्रानं त्या खुणांची दिशा घ्या. पन्नासेक किलोमीटर लांबच्या दोन गावांतून अशा नोंदी मिळाल्या की रेषा छेदता येतात. २८ जानेवारी १९७६ ला सौराष्ट्रात धजाळ्याला अशनी पडला, त्याची सूर्याभोवतीची कक्षा अशाच लोकांच्या सांगण्यावरून काढली गेली. एकाही कॅमेऱ्याविना.

माजलगाव_मळा

आणि दगड खरंच सापडला तर? पूजा करून देवळात ठेवतात लोक.

गोदाकाठ (पैठण)

भाव समजतो, पण हळद, कुंकू, तेल, दूध, पाणी यांतलं काहीही त्याला लागू देऊ नका. ते आत मुरतं.

उचलण्याआधी जागेवर फोटो, शेजारी पाच रुपयांचं नाणं, आणि मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश. हातमोजे किंवा कोरी पिशवी हातावर घेऊन उचला. स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, झिपच्या पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी, पण ती दगडाला टेकू नये. माती चिकटली असेल तर धुऊ नका, वाळू द्या. तुकडे करून वाटून घेऊ नका.

त्याच दिवशी तलाठ्याला किंवा तहसीलदारांना लेखी कळवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला लिहा. आपल्याला जवळचं मोठं कार्यालय नागपूरला, देशातल्या अशनींचा संग्रह कोलकात्याला. २२ मे २०१२ ला काटोलला भर दुपारी दगड पडले, ते आपल्या राज्यातलंच ताजं उदाहरण.

रसायन_लातूर

घाई का, तेही सांगते. अवकाशात असताना किरणांच्या माऱ्यानं दगडात काही अल्पजीवी अणू तयार झालेले असतात. सोडियम-२४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, १५ तास, मँगनीज-५२ चं साडेपाच दिवस, बेरिलियम-७ चं ५३ दिवस. दगड आठवडाभर कपाटात राहिला की पहिलं संपलेलं असतं. त्या मोजणीतून दगड नुकताच पडला हे सिद्ध होतं आणि अवकाशात तो केवढा मोठा होता याचा अंदाज येतो. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत अशा मोजण्या होतात. तुम्हाआम्हाला त्यापासून धोका नाही, मात्रा अगदी किरकोळ.

डीव्हीआर_परभणी

सीसीटीव्हीत उजेड सापडला तर काय जपायचं? दुकानदार लोक मोबाइलनं स्क्रीनचा व्हिडिओ काढतात आणि तोच फिरवतात.

खगोल_बीड

तो निकामी. मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा, आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं धरून. बऱ्याच मशिनींत आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून नवं चढतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशिनीचं, घड्याळ हमखास पुढंमागं असतं. ते दुरुस्त करू नका, त्याच्या वेळेशेजारी मोबाइलची वेळ धरून एका फ्रेममध्ये फोटो काढा. फरक नंतर वजा करता येतो. उजेड स्वतः चौकटीत नसला तरी अंगणात खांबाची सावली फिरलेली दिसत असेल तर ती फाइलही ठेवा, सावलीवरून दिशा निघते.

आणि कॅमेरा हलवू नका. त्याच कॅमेऱ्यातून पुढच्या निरभ्र रात्री दिसणारे ठळक तारे घेऊन चौकटीतल्या प्रत्येक जागेची दिशा आणि उंची काढता येते.

डीव्हीआर_परभणी

काच पुसली तर चालेल ना? धुळीनं तारे दिसणार नाहीत.

खगोल_बीड

काच पुसा. ब्रॅकेटच्या स्क्रूला हात लावू नका.